पंखाआडचं रान

डीटीपीच्या दुकानात शिकायला बसलेल्या पोराला पहिल्या काही दिवसांतच एक गंमत सापडते. फोटो निवडायचा, पॉवरक्लिप मारायचा, माउसच्या टोकाला उगवलेला तो जाडजूड काळा बाण एखाद्या आकारावर नेऊन टेकवायचा. चौकोनी फोटो क्षणात गोल होतो, पिंपळपान होतो, महाराष्ट्राचा नकाशा होतो. पोरगं खूश. मग दिवसभर दिसेल त्याला दिसेल त्यात घालत बसतं: गणपतीला घंटेत, नवरा-नवरीला बदामात, आमदारांना उगवत्या सूर्यात.

कापाकाप कुठेच झालेली नाही, हे त्याला बऱ्याच उशिरा कळतं. त्या बदामातलं चित्र उघडलं की सगळा फोटो जसाच्या तसा पुढ्यात येतो. नवरीच्या खांद्यामागून डोकावणारी आत्या, मांडवाचा खांब, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल. कुणी कुठेही गेलेलं नसतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ढगांमध्ये एकटेच हात जोडून उभे असलेले कितीतरी साहेब फाईलमध्ये एकटे नसतात; ज्याच्याशी पुढे बिनसलं तो कार्यकर्ता तिथे अजून त्यांच्या खांद्याला खांदा लावून हसत असतो.

छपाईच्या जस्ती ब्लॉकच्या जमान्यात असं नव्हतं. कटआउट ब्लॉक करायचा तर फोटोतल्या माणसाभोवतीचं जग आधी पांढऱ्या रंगानं बुजवायचं, आणि जस्तावर उतरल्यावर उरलेला धातू कोरून काढायचा. गेलं ते गेलं. करंजीच्या कडेनं कातणी फिरवली की बाहेरची पाती ताटात वेगळी पडते, तसा तो व्यवहार होता. संगणकानं कातणी काढून घेतली. आता आकार म्हणजे नुसती परवानगी: इथपर्यंत दिस, याच्यापुढे दिसू नकोस. चित्र ऐकतं, पण लहान होत नाही. म्हणून तर टिकलीएवढ्या लोगोची फाईल साठ एमबीची होते आणि छपाईवाला फोनवरून विचारतो, ‘ताई, यात काय लपवलंय एवढं?’

काय लपवलंय, या प्रश्नानं माझी पाठ अणशीत जास्त धरली.

कारवारहून निघालं, कद्र्याचं धरण मागे पडलं की घाट लागतो आणि घाट संपता संपता अणशी. उत्तर कन्नडातल्या जोयडा तालुक्यातलं हे गाव आणि गावाच्या नावानं १९८७ मध्ये जाहीर झालेलं राष्ट्रीय उद्यान, सुमारे ३४० चौरस किलोमीटरचं. मराठी इथे पाहुणी नाही. शाळेच्या, कीर्तनाच्या, पंचांगाच्या वाटेनं ती केव्हाच येऊन बसली आहे. घरात कोकणी, कचेरीत कन्नड, माझ्याशी मराठी. एकाच वाक्यात तिन्ही आली तरी कुणाला ठेच लागत नाही. पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं तेव्हा रानाचा एकेक तुकडाच दिसतो. एक फांदी, एक वळण, दरीतली झाडांची दोन शेंडकी, आणि मध्ये सगळं पांढरं. त्या पांढऱ्याच्या मागे रान पुरतं उभं आहे, याबद्दल गाडी चालवणाऱ्याच्या मनात तिळभर शंका नसते. तो हॉर्न वाजवतो, कारण त्या पांढऱ्यातून गवा येऊ शकतो.

मी तिथे जाते ती कामासाठी. जंगलाच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांतल्या काहींनी पाहुण्यांसाठी दोन-दोन खोल्या काढल्या आहेत, आणि खोली काढली की पाटी लागते. पाटीवर काय हवं हे ठरलेलं असतं. धनेश हवा. आणि धनेशाच्या आत रान हवं.

ऐकायला सोपं आहे. गोलात चित्र घालायला काही लागत नाही. संगणकाचा गोल म्हणजे कडेवरचे चार बिंदू, म्हणजे नोड, आणि त्यांना फुटलेल्या आठ दांड्या; दांडी ओढली की कड फुगते, ढकलली की बसते. (तो अगदी खरा गोल नसतोच, पण डोळा तक्रार करणार नाही इतका जवळ असतो.) ही दांड्यांची युक्ती फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत जन्मली. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो १९५९ मध्ये तिथवर पोचला होता, पण कंपनीनं ते गुपित ठेवलं; रेनोच्या पिएर बेझिएनं पुढे आपलं काम छापून मोकळं केलं, आणि जगातल्या सगळ्या वक्रांना त्याचं नाव लागलं. दोघांनाही मोटारीचं पत्र्याचं अंग वळवायचं होतं. धनेशाचं पीस त्यांच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं.

धनेशाचं अंग मात्र मोटारीसारखं वागत नाही. चोचीवर दुसरी चोच ठेवावी तसं ते शिंग, तिथून गळ्याकडे उतरणारी ओळ, आणि उडताना पंखाच्या टोकाशी फाकलेली पिसं, एकेक सुटी, मध्ये आभाळाच्या फटी. फोटोवरून संगणकालाच ट्रेस करायला सांगितलं तर तो आज्ञाधारकपणे हजारो नोड टाकून देतो. माझा त्यावर विश्वास नाही. यंत्र पिसाची कड काढत नाही, उजेड-सावलीची कड काढतं. पिसावर पडलेली फांदीची सावली त्याला पिसाचाच भाग वाटते. हातानं काढताना मी एका पिसाला चार-पाच नोड देते, फार तर सहा. कुठे टोक, कुठे वळण, कुठे सरळ, एवढं ठरवायला पक्षी नीट पाहावा लागतो. अणशीत सकाळी तो डोक्यावरून जातो तेव्हा आधी आवाज येतो. मोठ्या धनेशाच्या पंखांचा तो घरघरता श्वास एकदा ऐकला की पिसांमधल्या फटी काढताना हात आपोआप सावध होतो, कारण तो आवाज त्या फटींतूनच येत असतो असं वाटतं.

नोड वाढले की पूर्वी शिक्षाही मिळायची. १९८४ मध्ये अडोबीनं पोस्टस्क्रिप्ट नावाची छपाईची भाषा आणली. चित्र आकारात घालणं ही तिच्यातली एक साधी आज्ञा होती, पण आकार फार गुंतागुंतीचा झाला तर त्या काळच्या यंत्रांचा दम संपायचा. ‘लिमिटचेक’ एवढा एक शब्द यायचा आणि पान अर्धवट पडायचं. मग कडा थोड्या ओबडधोबड करून, नोड उपटून, पुन्हा पाठवायचं. आता यंत्रं सोसतात. सोसतात म्हणून आपण काहीही देतो, हेही खरं.

खरी गाठ पुढे आहे. पक्षी एकसंध नसतो. सुटी पिसं, डोळ्याचं भोक, पंखावरचा पांढरा पट्टा. आणि त्याखाली गावाचं नाव, तेही चित्रानंच भरलेलं हवं. एकच रान इतक्या तुकड्यांतून सलग दिसायचं तर तुकडे नुसते ग्रुप करून भागत नाही, त्यांचा मिळून एक वक्र करावा लागतो. कोरलमध्ये कंबाईन, इलस्ट्रेटरमध्ये कंपाउंड पाथ. आणि कंबाईन केलं की देवनागरी आपला हिसका दाखवते. आपली अक्षरं एकमेकांना धरून उभी असतात. डीटीपीतल्या जुन्या फाँटांत तर काना, वेलांटी, अक्षराचं अंग असे तुकडे वेगवेगळे असतात आणि शिरोरेषेवर एकमेकांवर चढून बसतात. ‘अणशी’ कर्व्ह करून कंबाईन केलं की ‘शी’ची वेलांटी जिथे शिरोरेषेवर टेकते तिथे बारीकसं पांढरं भोक पडतं. जिथे दोन आहेत तिथे काहीच नाही! रेडियमवाल्याचा कटिंग प्लॉटर तर आणखी निर्दय. त्याला एकावर एक आलेल्या दोन्ही कडा दिसतात आणि तो शिरोरेषा प्रत्येक सांध्यावर चिरून ठेवतो. उपाय सोपा आहे, आधी वेल्ड करून चढलेल्या तुकड्यांची एकच कड करायची, मग कंबाईन. पण भोक का पडतं हे कळलं तेव्हापासून मला कुठल्याच नकाशाकडे पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

संगणकाला ‘आत’ आणि ‘बाहेर’ दिसत नाही. त्याला मोजावं लागतं. बिंदू घ्यायचा, तिथून कुठल्याही दिशेला सरळ रेष सोडायची, ती किती कडा ओलांडते ते बघायचं. विषम आल्या तर बिंदू आत, सम आल्या तर बाहेर. दोन अक्षरांच्या सांध्यावरून सोडलेली रेष दोन कडा ओलांडते, म्हणून तो सांधा बाहेरचा ठरतो. दुसराही एक नियम आहे. त्यात कडेची दिशा बघतात. एका बाजूनं गेलेली कड अधिक एक, उलट गेलेली उणे एक, आणि बेरीज शून्य आली तरच बाहेर. या नियमानं तोच सांधा बिनबोभाट आत येतो. पोस्टस्क्रिप्टला दोन्ही नियम ठाऊक होते. जागा तीच, शाई तीच. आत की बाहेर, ते कुणी कशी मोजदाद केली त्यावर.

जोयड्यातल्या कुणब्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. डोंगराच्या पलीकडे गोव्यात त्यांचेच भाईबंद आहेत. तेच आडनावांचे धागे, तीच दैवतं, सोयरिकी. गोव्यातले कुणबी २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. डोंगराच्या अलीकडचे, जोयड्यातले, नाहीत; त्यांची मागणी जुनी आहे. कड मधून गेली. तशी या मुलखावरून कडा पुष्कळ गेल्या. १८६२ मध्ये उत्तर कानडा मद्रासकडून मुंबई इलाख्यात आला, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला, १९७७ मध्ये उत्तर कन्नड झाला. ‘कारवारसह संयुक्त महाराष्ट्र’ म्हणणाऱ्यांच्या बॅनरवरचा आकार आणखी निराळा. मी बेळगावच्या दुकानात काम शिकले, त्यामुळे दोन्ही बाजूंचे नकाशे वेक्टरमध्ये माझ्याकडे आहेत आणि गिऱ्हाईक बघून फाईल उघडावी लागते. खालचं चित्र मात्र मी कधी बदललेलं नाही.

काळी नदीचंच घ्या. डिग्गीकडे उगम, कारवारला समुद्र, मधला सगळा प्रवास सुमारे १८४ किलोमीटर. एकाच जिल्ह्यात जन्मते, तिथेच संपते. दांडेलीचं अभयारण्य १९५६ चं. ते आणि अणशीचं उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला नदीचं नाव मिळालं. उपग्रहाचं चित्र घेऊन या प्रकल्पाच्या हद्दीत क्लिप करायचं काम एकदा माझ्याकडे आलं होतं. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्येही तीच आज्ञा असते, फक्त पक्ष्याऐवजी हद्द. गाभा सुमारे ८१५ चौरस किलोमीटर, बफर धरून अकराशेच्या आत. आज्ञा दिली आणि हिरवा आकार पांढऱ्या कागदावर एकटा उभा राहिला, फार देखणा. भीमगड नाही, मोले नाही, खोतीगाव नाही, नेत्रावळी नाही. पश्चिम घाटाचं सगळं सलग अंग पुसलेलं. असे आकार बघून माणसांना वाटतं जंगल बेटासारखं असतं. वाघ मोजणाऱ्यांना तसं वाटून चालत नाही. कॅमेऱ्यात आलेल्या वाघाचे पट्टे ते एकेक पडताळून बघतात, कारण इथला वाघ गोव्याच्या फोटोत सापडू शकतो.

आणि त्या हिरव्यात एक मोठी निळी जागा होती. सुपे. पूर्वी तालुक्याचं ठाणं तिथे होतं, तालुक्यालाही त्याचंच नाव. गणेशगुडीला काळीवर १०१ मीटर उंचीचं धरण ऐंशीच्या दशकात उभं राहिलं आणि गाव, बाजार, वाटा पाण्याखाली गेल्या. कचेऱ्या जोयड्याला आल्या, पुष्कळ माणसं रामनगरला. म्हातारी माणसं आजही ‘सुप्याला’ गेल्याच्या गोष्टी सांगतात आणि सांगताना रस्त्यावरची दुकानं क्रमानं येतात. माझ्या पडद्यावर ती जागा एका सपाट निळ्याची होती. या थराच्या खाली दुसरा थर नव्हता, असता तर मी उघडला असता.

रानाची स्वतःची झाकाझाकी माझ्या सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी वरच्या दर्जाची आहे. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, एक उभी फट तेवढी ठेवते. त्या फटीतून चोचीचं टोक दिसतं, कधी तेही नाही. नर दिवसभर फळं आणून त्या फटीत भरवतो. बाहेरून पाहणाऱ्याला झाडाचा बुंधा आणि एक चीर, बस. आत अख्खा संसार, अंडी, पिल्लं, आणि मादी तिथेच जुनी पिसं टाकून नवी घालते. काळा बिबट्या आणखी पुढचा. या रानात तो आहे. काळा म्हणजे काळाच, असं आपण धरून चालतो, पण त्याच्या अंगावरचे ठिपके कुठे गेलेले नसतात. तिरप्या उन्हात, किंवा रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात, काळ्यावर काळी नक्षी उमटते. साध्या बिबट्याची असते तीच, एकही ठिपका कमी नाही.

एवढं सगळं डोक्यात घेऊन मी पाटीचं काम दाखवायला मामांच्या ओटीवर बसले होते. मामा म्हणजे घराचे मालक, माझे कुणी नव्हेत. अणशीत दुसऱ्या चहाला माणूस मामा होतो. धनेश छान जमला होता. पिसांच्या फटी सुबक, नावात एकही भोक नाही, आणि पक्ष्याच्या पोटात पावसानंतरचं रान, तीन-चार हिरवे एकात एक. फोटो मीच त्यांच्या मागच्या टेकाडावरून काढला होता.

मामांनी लॅपटॉप जवळ ओढला. बराच वेळ बघितलं.

‘आमचं घर खंय?’ मग माझ्यासाठी मराठीत, ‘तू फोटो काढलास तेव्हा घर होतं ना त्यात?’

‘होतं. आहे अजून. आकाराच्या बाहेर गेलं.’

‘म्हणजे कापलंस.’

नाही म्हणून सांगण्यापेक्षा मी क्लिप उघडून दाखवली. पक्षी नुसती एक बारीक रेघ होऊन राहिला आणि त्याच्या चारी बाजूंनी सगळा फोटो पसरला. डावीकडे कौलं, गोठा, गवताची उडवी, पोफळींवर चढलेल्या मिरवेली, परड्यात मावशींनी लावलेले कणगी-करांद्यांचे वेल. जानेवारीत जोयड्याला कंदमुळांचा मेळा भरतो, त्यासाठी मावशी त्या वेलांना जिवापाड जपतात. गोठ्यावर एक निळी ताडपत्री, तिच्यावर दाबून ठेवलेले जुने टायर. आतून मावशी हात पुसत आल्या आणि पडद्यावर स्वतःचं परडं बघून हसल्या.

‘हे सगळं ह्याच्यात होतं?’ मामा म्हणाले. ‘मग सरकव की जरा.’

हे पॉवरक्लिपचं खरं सुख. पक्षी हलत नाही, त्याची एक दांडी हलत नाही, आतलं रान तेवढं सरकतं. मी चित्र उजवीकडे ओढत गेले. घाटातली झाडं शेपटीतून बाहेर पडली, कौलं पंखाखाली आली, मिरवेली पोटात. मावशींना परडं हवं होतं, म्हणून थोडं वर. तेवढ्यानं ताडपत्री नेमकी चोचीत गेली. पिवळ्या-केशरी चोचीच्या जागी लखलखीत निळं, आणि शिंगाच्या टोकाला टायर.

‘मामा, हे बरं दिसत नाही. पाहुण्यांना रान बघायचं असतं.’

‘रान ते आल्यावर बघतीलच. ते आधी विचारतात, इथं माणसं राहतात का?’

मी ताडपत्रीचा रंग फोटोशॉपमध्ये हिरवा करून देऊ का, असं विचारलं. तेवढं तरी. मामांनी मान हलवली.

‘आता नवी घेतलीय, निळीच. हिरवी केलीस तर पावसाळ्यात येईल तो म्हणेल, पाटी दुसऱ्याच घराची.’

मावशी म्हणाल्या, टायर तेवढे काढ. टायरांबद्दल दोघांचं एकमत व्हायला जेवणवेळ झाली. मग मी फाईल सेव्ह केली, टायर काढून, आणि छपाईला कारवारला पाठवली. छपाईवाल्याचा फोन संध्याकाळी आलाच.

‘ताई, चोच निळी आहे. रंग चुकलाय का?’

‘नाही. तसाच छाप.’

‘आणि फाईल जड आहे. बाहेरचं उडवून देऊ?’

‘नको,’ मी म्हटलं. ‘पुढच्या वर्षी ते आणखी एक खोली बांधणार आहेत. सरकवावं लागेल.’